सतराव्या क्रमांकावरून

म्हापशात शुक्रवारच्या बाजारात फुटबॉलवर भांडणारे पुष्कळ भेटतात. माझं आणि पुतण्याचं जुंपतं ते पुरुषांच्या फिगर स्केटिंगवरून. तो म्हणतो, ‘काका, २०१८च्या ऑलिंपिकमध्ये नेथन चेननं कच खाल्ली.’ मला ते मुळीच पटत नाही.

या खेळात छोटी आणि मोठी अशा दोन फेऱ्यांच्या गुणांची बेरीज होते. अमेरिकेचा चेन तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. प्याँगचांगला छोट्या फेरीत तो उडीमागून उडी चुकला आणि १७वा राहिला. यातली अवघड उडी क्वाड, म्हणजे हवेत चार गिरक्या, त्याही सेकंदाच्या आत, आणि मग मागे सरकत एकाच पात्याच्या कडेवर उतरायचं. अंग जरा आखडलं की तोल गेलाच!

दुसऱ्याच दिवशी या पोरानं मोठ्या फेरीत सहा क्वाड घेतले, २१५.०८ गुणांसह त्या फेरीत पहिला आला. एकूण पाचवा. सुवर्ण जपानच्या युझुरू हान्यूला, सलग दुसऱ्यांदा. पुढे २०२२ला बीजिंगमध्ये चेननं छोट्या फेरीत ११३.९७चा जागतिक विक्रम केला आणि सुवर्णही जिंकलं.

एका फेरीवरून खेळाडूला भित्रा ठरवण्याआधी त्याची दुसरी फेरी जरूर पाहा.