कॅमेरा चांगला, पण लावला कुठे?

अंगणासाठी वायफायचा फ्लडलाइट कॅमेरा घेताना लोक आधी मेगापिक्सेल विचारतात. माझ्या मते त्याचा उपयोग ठरतो तो लावण्याच्या जागेवरून. बऱ्याच मॉडेलमधला पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. माणूस समोरून आडवा गेला तर दिवा लगेच लागतो. सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून तो फाटकाच्या नेमका समोर नको, वाटेच्या बाजूला, अडीच-तीन मीटर उंचीवर हवा. आणखी उंच लावला तर चोराचा हात पोहोचणार नाही, हे खरे. पण मग चित्रात चेहऱ्याऐवजी डोक्याचा वरचा भाग येतो आणि ओळख पटवणे अवघड होते. जोडणी २३० व्होल्टची असते, ती मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावी.

वीज गेली की कॅमेरा आंधळाच, मग काय उपयोग, हा आक्षेप आपल्याकडे रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घेणे. सिग्नलसाठी २.४ गिगाहर्ट्‌झचा बँड वापरावा, तो भिंतींतून जास्त लांब पोहोचतो. ‘आमच्या अंगणात लपवण्यासारखे काय आहे?’ म्हणून मूळ पासवर्ड तसाच ठेवणारे मात्र चुकतात. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने अशाच न बदललेल्या पासवर्डांतून असंख्य कॅमेरे ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले होते. शिवाय खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल, तर ॲपमध्ये तेवढा भाग आजच झाकून टाका.