पाना, फीलर गेज आणि स्कॅनर

मोटार मेकॅनिक घडवणाऱ्या आपल्याकडे दोन शाळा होत्या. एक रस्त्याकडेचं गॅरेज, दुसरी आयटीआय. दोघींचं एकमेकींशी कधी जमलं नाही.

गॅरेजात पोरगं यायचं ते शाळेत नापास होऊन किंवा घरात कमावणारं कुणी नाही म्हणून. पहिलं वर्ष चहा आणण्यात, रॉकेलमध्ये पार्ट धुण्यात आणि वस्तादाने चौदाचा पाना मागितला की चौदाचाच हातात देण्यात जाई. समजावून कुणी सांगत नसे. वस्ताद बॉनेटखाली वाकलेला, पोरगा टॉर्च धरून त्याच्या हातांकडे बघतोय, एवढाच अभ्यासक्रम. पण चार-पाच वर्षांत त्याचा कान असा तयार होई की फियाट फाटकातून आत येता येताच टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय हे तो सांगे. या गुरुकुलाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या पोरांची वयंही आठवावीत. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी घालणारी दुरुस्ती व्हायला 2016 साल उजाडलं.

दुसरी शाळा सरकारी. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची. 1956 मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा. इंजिन खोलायला मिळेल म्हणून हौसेने आलेल्या मुलाच्या हातात आधी कानस आणि लोखंडी पट्टी पडे. घासत बसा. काटकोन लावून बघा, उजेड दिसला की पुन्हा घासा. पुष्कळ मुलं इथेच कंटाळत. मला मात्र ती कानस हा या शिक्षणाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, कारण तिच्यातून माप अंगात मुरे. सिलिंडरच्या वरच्या काठावर नख फिरवून वस्ताद म्हणे, ‘बोअर गेलाय.’ आयटीआयचा मुलगा बोअर गेज लावून किती गेलाय, एकीकडे जास्त झिजलाय का, आणि रीबोअर करून कुठल्या मापाचा पिस्टन बसेल, हे सांगू शके. प्लगमधली फट वस्ताद अंदाजाने ठेवी, हा फीलर गेज घालून.

गंमत अशी की माप शिकलेला हा मुलगा गॅरेजात क्वचितच पोचला. 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा झाला, कारखान्यांना अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोने 1966 मध्ये पुण्यात कारखाना काढला, आकुर्डीला बजाज होतीच. पोरगा टेल्कोत लागला की घरात पेढे. दुरुस्तीसाठी शिकवलेले हात जुळणीच्या लाइनवर गेले आणि रस्त्यावरच्या गाड्या नखाच्या अंदाजावरच चालत राहिल्या.

चालल्याही, कारण गाडी तशी होती. डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 लाही कार्बोरेटरच होता. जेट काढून तोंडाने फुंकला की निम्मं काम होई. 1999 मध्ये दिल्लीतल्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयाने नव्या गाड्यांना युरो मानकं लावली, पाठोपाठ इतर शहरं आली, आणि कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन व ते चालवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, बसला. आता तिसरंच कौशल्य हवं होतं, वाचनाचं. स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवतो. गॅरेजवाला सेन्सर बदलतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पुन्हा लागतो. दोष असतो मॅनिफोल्डच्या फाटलेल्या गॅस्केटमध्ये किंवा सैल अर्थिंगमध्ये. तिथे पोचायचं तर वायरिंगचा नकाशा वाचावा लागतो, मल्टीमीटर लावावा लागतो, आणि हवा ओढल्याचा बारीक आवाज ऐकायला वस्तादाचा कानही लागतो.

हे तीनही एका जागी शिकवायला कुणी बसलं नाही. आयटीआयत 2013 मध्ये सत्रपद्धत आली, 2018 मध्ये पुन्हा वार्षिक झाली. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात सेन्सर आले, पण वर्कशॉपमधलं कापून दाखवलेलं इंजिन पुस्तकाच्या वेगाने बदलत नाही. शिल्प निदेशकांना नव्या गाड्यांवर हात बसवायला सवड किती मिळाली, हेही कुणी फारसं विचारलं नाही.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचं नवं मानक लागू झालं आणि इंजेक्शन साध्या मोटरसायकलीतही शिरलं. माझ्या मते खरा धक्का हा. मोटारींच्या बाबतीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा आडोसा होता. तालुक्याच्या नाक्यावर एका पत्र्याखाली मोटरसायकली खोलणाऱ्याला तो नाही. आता इलेक्ट्रिक वाहनांचा वेगळा ट्रेड निघाला आहे, पण तो दहावी झालेल्या मुलासाठी. पन्नाशीच्या मेकॅनिकसाठी 2015 पासून पूर्वीचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. त्याला येतं त्याचा कागद त्याला मिळतो. वायरिंगचा नकाशा वाचायला तो शेजारच्या आयटीआयवाल्या पोराला हाक मारतो, आणि पोरगं गुंतलेलं असलं तर गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगतो.