वाचलं, पण कळलं का?

मैत्रिणींनो, गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत तिसरीचा वाचनाचा तास होता. फळ्यावर लिहिलं होतं, ‘वीज चमकत असताना झाडाखाली उभे राहू नये.’ एका मुलाने ते न अडखळता वाचलं. मी शाबासकीही दिली. मधल्या सुट्टीत आभाळ गडगडलं, टपोरे थेंब आले आणि हेच चिरंजीव डबा घेऊन मैदानातल्या चिंचेखाली! ओरडून आत बोलावलं. माझे तर हातपाय गार पडले. “अरे, आत्ताच वाचलंस ना?” तर म्हणतो, “बाई, तो धडा होता.”

खरं सांगते, चूक त्याची नव्हती. काना-मात्रा आपण घोटून घेतो, पण वाचलेलं वापरायचं असतं हे कोण सांगतं?

तेव्हापासून मी वर्तमानपत्रातली हवामानाची बातमीच वाचायला देते आणि मध्येच थांबवते. तुम्हालाही पोळ्या लाटता लाटता हे जमेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाक्य मुलं भरभर वाचून मोकळी होतात. मी शिवणाची टेप काढली आणि भिंतीवर ९४ सेंटिमीटरच्या जरा वर खडूने रेघ ओढली. पाणी कुठे वाहून गेलं नाही तर इथवर! वर्ग गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली, “माझा धाकटा भाऊ बुडेल.” मिलिमीटर पुन्हा समजवावा लागला नाही.

लाल इशारा म्हणजे शाळेला सुट्टी, एवढंच मुलांना ठाऊक. (आपल्याला तरी कुठे जास्त ठाऊक असतं?) पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

विजेचं मोजणं मुलांना फार आवडतं. चमकली की आकडे मोजायचे. गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण हे घरात बसून हं! मैदानात असाल तर गडगडाट ऐकताच पक्क्या घरात पळायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

परवा त्याच मुलाची आई बाजारात भेटली. गच्चीवरचे कपडे काढायला निघाली, तर याने दारच अडवलं. “अजून अर्धा तास झाला नाही!” दोन चादरी चिंब भिजल्या म्हणून माझ्याकडे तक्रार करत होती बिचारी.