‘जी’ म्हणजे बालचित्रपट नव्हे

अमेरिकेत राहणारे आपल्यातले बरेच आईबाबा लहानग्यांसाठी सिनेमा निवडताना पोस्टरवरचं इंग्रजी अक्षर बघतात. ‘जी’ दिसलं की निर्धास्त, ‘पीजी’ दिसलं की जरा विचार. पण ‘जी’ म्हणजे लहान मुलांसाठी काढलेला सिनेमा, हा समजच चुकीचा आहे. १९६८च्या नोव्हेंबरपासून चालत आलेलं हे अक्षर इतकंच सांगतं, की पालकांना खटकेल असं यात फारसं काही नाही. स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’सुद्धा ‘जी’ आहे, चार वर्षांच्या पोराला त्यात काय कळणार? ‘फाइंडिंग नीमो’ही ‘जी’च, आणि त्यात सुरुवातीच्या काही मिनिटांतच नीमोची आई जाते. मूळ ‘लायन किंग’मध्ये छावा मेलेल्या बापाला उठवू बघतो. तोही ‘जी’. उलट ‘फ्रोझन’ मात्र ‘पीजी’.

कार्टून आहे म्हणजे सौम्यच असणार, हेही खरं नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात मुलांच्या ४५ गाजलेल्या अॅनिमेशनपटांची मोठ्यांच्या ९० चित्रपटांशी तुलना केली होती. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या सिनेमांत सुमारे अडीचपट निघाला.

इथल्या थिएटरात लागणाऱ्या मराठी-हिंदी सिनेमांना तर बहुतेक वेळा हे अक्षरच नसतं. अशा वेळी भारतातलं प्रमाणपत्र शोधावं; २०२४च्या नोव्हेंबरपासून तिथे ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन भाग झाले आहेत.

सगळ्यांत खोल रुजलेला समज आपल्या भाषेचा आहे: मराठी सिनेमे लावून ठेवले की बाळ आपोआप मराठी शिकेल. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर एक प्रयोग केला. तो २००३मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळांशी चिनी माणसं समोर बसून खेळली, बोलली, पुस्तकं वाचून दाखवली. काहींना त्याच माणसांची तीच सत्रं पडद्यावर दाखवली. पहिल्या गटातली बाळं चिनी भाषेतले ध्वनी ओळखू लागली, पडद्यासमोरची काहीच शिकली नाहीत. म्हणूनच पुण्याहून आलेल्या आजीने मांडीवर घेऊन सांगितलेली चिऊकाऊची गोष्ट त्या वयात कुठल्याही सिनेमापेक्षा मोलाची आहे. आजी पुण्यातच असेल तर व्हिडिओ कॉल करा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये दीड वर्षाखालच्या बाळांना पडदा नको म्हणताना सवलत दिली, ती याच एका गोष्टीला.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्याच सल्ल्यात दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला होता. तेव्हा दीड तासाचा सिनेमा दोन दिवसांत बघितला तरी काही बिघडत नाही. आधी तुम्ही एकट्याने बघा, मग मुलाला जवळ घेऊन बसा. आणि त्याने मध्येच ‘बंद कर’ म्हटलं, तर ‘अरे, खोटं असतं ते’ असं समजावत बसू नका. लगेच बंद करा.