लॅपटॉप येईपर्यंत थांबू नका

मी संध्याकाळी पायथन शिकवते. "मॅडम, लॅपटॉप घेतला की सुरू करतो," असं कुणी म्हणालं की मी त्याला शेजारी बसवते आणि त्याच्याच फोनवर टर्मक्स घालून देते.

टर्मक्स हे अँड्रॉइडचं मोफत ॲप. उघडलं की काळा पडदा आणि कर्सर, एवढंच दिसतं. पण आत लिनक्सची साधनं चालतात, आणि त्यासाठी फोन रूट करावा लागत नाही. ते एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून घ्यावं. अँड्रॉइड १० च्या नियमांनी बांधलेल्या ॲपला स्वतःच्या फोल्डरात उतरवलेला प्रोग्राम थेट चालवता येत नाही. टर्मक्सचं सगळं कामच त्यावर चालतं. प्ले स्टोअर नव्या आवृत्तीला हे नियम पाळायला लावतं, म्हणून २०२० नंतर टर्मक्सची तिथली आवृत्ती बराच काळ जुनीच राहिली.

मांडामांड छोटी आहे. आधी 'पीकेजी अपग्रेड', मग 'पीकेजी इन्स्टॉल पायथन गिट नॅनो'. आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. पायथन प्रोग्राम चालवतो, नॅनोत तो लिहायचा, गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो.

मुलं हमखास अडतात ती फाइल सेव्ह करताना. नॅनोत त्यासाठी कंट्रोल आणि ओ लागतं, आणि फोनच्या कीबोर्डवर कंट्रोल नसतो. अशा वेळी आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवायचं आणि ओ दाबायचा. मग एंटर. झाली फाइल सेव्ह.

माझ्या एका विद्यार्थिनीने असाच घरच्या दुधाचा हिशेब लिहिला: सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट, दर. डेअरीच्या चिठ्ठीशी तिची बेरीज जुळली तेव्हा तिने फोन वर्गभर फिरवला. पुढे फोन भरला म्हणून घरच्यांनी टर्मक्स काढून टाकलं. ॲप गेलं की त्याचं होम फोल्डरही जातं. महिन्याभराचं काम गेलं. गिट होतं, पण त्याच्या नोंदीही त्याच फोल्डरात होत्या.

ती चूक तिची नव्हती, शिकवणारीची होती. आता पहिल्या दिवशी, पहिली ओळ लिहायच्या आधी, मी प्रत्येकाचं ऑनलाइन रिपॉझिटरीचं खातं उघडून घेते. वर्ग सुटण्यापूर्वी 'गिट पुश' झालंच पाहिजे. कोड फोनबाहेर पोचला, की मगच दिवसाचं काम झालं.

तिने हिशेब पुन्हा लिहिला, दोन संध्याकाळींत. लॅपटॉप तिच्याकडे अजून नाही. तिचा कोड मात्र आता कुठल्याही लॅपटॉपवर उघडतो.