कोलंबाइन शाळेतील गोळीबार : 'का?' या प्रश्नाचं उत्तर शोधताना



अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गातही विषय निघतो. "बाई, त्या मुलाने असं का केलं असेल?" ज्यांचे मामा, काका, आत्या तिकडे राहतात त्या मुलांना तर हे जास्तच जवळचं वाटतं, कारण त्यांच्या भावंडांना शाळेत दिवे घालवून, दार लावून, कोपऱ्यात गप्प बसण्याचा सराव करावा लागतो.

अशा वेळी आपण मोठी माणसं पटकन एखादं उत्तर देऊन मोकळे होतो. मोबाईलमुळे. गेममुळे. घरचं लक्ष नाही म्हणून. संस्कार नाहीत म्हणून. ही उत्तरं इतक्या लवकर कुठून येतात आणि ती कितपत खरी ठरतात, हे पाहायला कोलंबाइनचं उदाहरण फार उपयोगी आहे. तिथे उत्तरं पहिल्याच दिवशी तयार होती. खरी माहिती मात्र बाहेर यायला अनेक वर्षं लागली.

काय घडलं?

कोलंबाइन हायस्कूल अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ आहे. २० एप्रिल १९९९, मंगळवार. शाळेत सुमारे दोन हजार मुलं शिकत होती. शेवटच्या वर्गातली दोन मुलं, एक १८ वर्षांचा आणि एक १७ वर्षांचा, बंदुका आणि घरी बनवलेले बॉम्ब घेऊन आली. त्यांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला, वीसहून जास्त जणांना जखमी केलं आणि शेवटी आत्महत्या केली. सर्वांत जास्त मुलं ग्रंथालयात गेली, दहा. त्या दिवशी अपंगत्व आलेल्या एका विद्यार्थिनीचा २०२५ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा तोही याच गोळीबाराचा बळी म्हणून नोंदवला गेला.

त्या दोन मुलांची नावं मी या लेखात मुद्दाम घेत नाही. नाव व्हावं ही अशा हल्लेखोरांची इच्छा असते आणि पुढच्या अनेकांनी याच दोघांचा आदर्श ठेवला.

नाव घ्यायचं ते डेव्ह सँडर्स या शिक्षकाचं. जेवणाच्या हॉलमधल्या मुलांना त्यांनी ओरडून बाहेर काढलं, आणि तसं करतानाच त्यांना गोळ्या लागल्या. विज्ञानाच्या खोलीत मुलांनी त्यांचं रक्त थांबवायचा प्रयत्न केला. खिडकीत फळा लावून आत एक माणूस रक्तस्रावाने मरतोय असं लिहून ठेवलं. पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचायला तीन तासांहून जास्त वेळ गेला. तोवर फार उशीर झाला होता.

दुःख एकच, पण ते मांडायचं कसं?

शाळेला लागून क्लेमेंट पार्क नावाची मोठी बाग आहे. तिथे फुलं, पत्रं, टेडी बेअर यांचा डोंगर साचला. बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका सुताराने टेकडीवर लाकडी क्रूस उभे केले. क्रूस होते १५. म्हणजे मारल्या गेलेल्या १३ जणांचे आणि मारणाऱ्या दोघांचेही.

इथून वाद सुरू झाला. काही जण म्हणाले, त्यांचीही आई रडतेच आहे ना? काहींना ते सहनच झालं नाही. मारल्या गेलेल्या एका मुलाच्या वडिलांनी ते दोन क्रूस स्वतः उपटून टाकले.

यात कोण बरोबर हे ठरवायची घाई करू नका. वर्गात हा प्रसंग सांगून मुलांना नुसतं विचारा, "तुम्ही त्या वडिलांच्या जागी असता तर? आणि हल्लेखोराच्या आईच्या जागी?" गावावर असं संकट आलं की सगळे एकाच वेळी रडतात, पण एकाच पद्धतीने रडत नाहीत. एकाला क्षमा हवी असते, एकाला न्याय, एकाला कायदा, एकाला फक्त शांतता. मग लोक एकमेकांच्या दुःखावरच रागावू लागतात. हे आपण आपल्या घरातल्या मयतीच्या वेळीही पाहतो.

दोष कोणाचा?

पहिल्या दोन-चार दिवसांतच कारणांची यादी तयार झाली:

• मर्लिन मॅन्सन या गायकाचं संगीत
• 'डूम'सारखे गोळीबाराचे व्हिडिओ गेम
• काळे लांब कोट घालणारी मुलांची टोळी
• खेळाडू मुलांनी केलेला छळ आणि त्याचा सूड
• आईवडिलांचं दुर्लक्ष
• शाळेतून प्रार्थना गेली म्हणून
• बंदुका सहज मिळतात म्हणून

प्रत्येकाने आपल्याला आधीपासून जे खटकत होतं तेच कारण म्हणून उचललं. ज्याला गेम आवडत नव्हते त्याने गेमला धरलं, ज्याला बंदुका नको होत्या त्याने बंदुकांना. राष्ट्रीय रायफल संघटनेचं अधिवेशन नेमकं १ मे रोजी डेन्व्हरमध्ये ठरलेलं होतं. महापौर वेलिंग्टन वेब यांनी ते घेऊ नका अशी विनंती केली. संघटनेने ते छोटं केलं, पण घेतलं. बाहेर हजारो लोक निदर्शनं करत उभे राहिले. शाळेत अंत्यविधींच्या आठवणी अजून ताज्या होत्या, आणि बाहेर देश दोन गटांत उभा होता.

तपासात काय निघालं?

पुढच्या काही वर्षांत डायऱ्या, चित्रफिती आणि शेकडो जबाब तपासले गेले, तेव्हा बरीचशी लोकप्रिय कारणं डळमळीत झाली.

काळ्या कोटवाल्या मुलांचा एक गट शाळेत खरंच होता, पण हे दोघे त्या गटातले नव्हते. ते मॅन्सनचे चाहतेही नव्हते. त्यांनी खेळाडूंना किंवा कोणत्याही एका गटाला निवडून मारलं नाही. त्यांचा मूळ बेत तर जेवणाच्या हॉलमध्ये मोठे गॅस-बॉम्ब फोडून शेकडो जणांना एकदम मारायचा होता, ते बॉम्ब फुटले नाहीत म्हणून संख्या १३ वर राहिली. दोघे एकटे, कोपऱ्यात बसणारे होते असंही नाही. त्यांना मित्र होते. त्यातला एक जण तीनच दिवस आधी शाळेच्या प्रॉमला, म्हणजे निरोपाच्या नृत्य समारंभाला गेला होता.

मग गेमचं काय? गेम ते खेळत, हे खरं. पण तेच गेम तेव्हा लाखो मुलं खेळत होती. छळाचं काय? यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. शाळेत दादागिरी होती, हे अनेक विद्यार्थ्यांनी सांगितलं. दुसरीकडे हे दोघे स्वतःही इतरांना त्रास देत, असंही पुढे आलं. पत्रकार डेव्ह कलन यांनी दहा वर्षं अभ्यास करून २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते दोघांची मनं एकसारखी नव्हतीच. एकाला लोकांना मारायचं होतं, दुसऱ्याला मुख्यतः स्वतः मरायचं होतं. म्हणजे एकाच घटनेला दोन वेगळी 'का' होती!

एक गोष्ट तर फारच हळवी आहे. देवावर विश्वास आहे का असं विचारल्यावर "हो" म्हणाली म्हणून एका मुलीला मारलं, ही कथा देशभर पसरली. चौकशीत दिसलं की तो संवाद बहुधा दुसऱ्याच, जखमी होऊन वाचलेल्या मुलीशी झाला होता. खोटं बोलायचं म्हणून कोणी ती कथा पसरवली नव्हती. दुःखाला अर्थ हवा असतो, आणि अर्थ देणारी गोष्ट माणसं तपासून घेत नाहीत.

खरा धडा : प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता

शिक्षक मित्रांनो, आता येतो तो भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

'का' वर लोक भांडत राहिले. पण 'कोणाला काय माहीत होतं?' हा प्रश्न विचारल्यावर वेगळंच चित्र दिसलं.

१. जानेवारी १९९८ मध्ये दोघांना एका गाडीत चोरी केल्याबद्दल पकडलं होतं. सुधारणा कार्यक्रम पूर्ण करून, चांगला शेरा घेऊन ते बाहेर पडले.

२. त्याच वर्षी एका विद्यार्थ्याच्या पालकांनी पोलिसांकडे तक्रार केली की यातला एक मुलगा इंटरनेटवर आपल्या मुलाला मारायच्या धमक्या आणि बॉम्बबद्दल लिहितोय. घराच्या झडतीसाठी अर्जाचा मसुदा तयारही झाला. तो न्यायाधीशांपुढे कधी गेलाच नाही. ही गोष्ट उघड व्हायला २००१ साल उजाडलं.

३. फेब्रुवारी १९९९ मध्ये एका मुलाने निबंधाच्या वहीत निर्घृण हत्येची गोष्ट लिहिली. शिक्षिका अस्वस्थ झाल्या. त्यांनी मुलाशी बोलणं केलं, पालकांना सांगितलं, समुपदेशकांनाही कळवलं. एका शिक्षिकेने करायचं ते सगळं केलं.

४. बॉम्ब बनवतायत हे काही मित्रांना ठाऊक होतं.

५. तीन बंदुका १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने प्रदर्शनातून, कोणतीही पार्श्वभूमी तपासणी न होता, विकत घेऊन दिल्या.

पोलिसांकडे तक्रार होती, शाळेकडे निबंध होता, मित्रांकडे बॉम्बची माहिती होती. पण शिक्षिकेला बॉम्ब माहीत नव्हते. सगळे तुकडे एका टेबलावर कधीच आले नाहीत.

हे फक्त कोलंबाइनचं नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण विभागाने २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७४ ते २००० मधल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर त्यांनी तपासले. ८१ टक्के घटनांमध्ये निदान एका व्यक्तीला आधीच काहीतरी माहीत होतं, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, वर्गसोबती किंवा भावंड होती. हल्लेखोराचा एकच साचा मात्र सापडला नाही. हुशार, कच्चे, मित्र असलेले, एकटे, सगळ्या प्रकारची मुलं त्यात होती. म्हणून 'अशी मुलं ओळखा' या शोधापेक्षा 'काळजी वाटली तर सांगा' ही सवय जास्त कामाची.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेनची घटनाही इथे आठवते. १३ मार्च १९९६ रोजी एका बाहेरच्या प्रौढ माणसाने प्राथमिक शाळेत १६ चिमुकली मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं. त्याचा बंदूक परवाना काढून घेण्याचा विचार व्हावा असं एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच लिहून कळवलं होतं. तोही तुकडा अडकून पडला होता. तिथल्या लोकांनी त्या माणसाच्या मनाचा शोध घेत बसण्याऐवजी 'बंदूक कशी मिळाली?' यावर जोर दिला. सात लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर बंदी आणली.

पुढे काय बदललं?

कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये बंदूक प्रदर्शनांतही तपासणी सक्तीची केली. विशेष पथकाची वाट न पाहता पहिल्या पोलिसानेच लगेच आत जायचं, असं प्रशिक्षण देशभर सुरू झालं. २००४ मध्ये 'सेफ टू टेल' ही नाव न सांगता माहिती देण्याची सोय सुरू झाली, म्हणजे तुकडे गोळा करायला एक जागा झाली.

शाळा गोळीबाराच्या वर्षीच ऑगस्टमध्ये पुन्हा उघडली. जिथे मुलं गेली ते ग्रंथालय काढून टाकलं आणि नवं बांधलं. मुख्याध्यापक फ्रँक डीअँजेलिस २०१४ पर्यंत तिथेच राहिले, कारण त्या वेळी त्या परिसरात लहान असलेली मुलं शिकून बाहेर पडेपर्यंत मी जाणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दुःखातून बाहेर काढणारं माणूस बहुतेक वेळा असं असतं. ते भाषण देत नाही, रोज सकाळी दारात उभं असतं.

आपल्या वर्गासाठी

आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न तसा नाही. पण मूल स्वतःचं बरंवाईट करून घेईल, घरातून पळून जाईल, कोणाला इजा करेल, याची चाहूल आपल्याकडेही आधी मित्रांनाच लागते. आणि आपण मुलांना लहानपणापासून काय शिकवतो? "चहाड्या करू नकोस!"

म्हणून एक फरक मुलांना जरूर समजावून सांगा. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चहाडी. कोणाला इजा होऊ नये म्हणून सांगणं ही मदत. हे एकदा सांगून भागत नाही, वर्षातून तीन-चार वेळा सांगावं लागतं. आणि मूल सांगायला आलं की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावं लागतं. एकदा जरी "जा, जागेवर बस" म्हटलं तर ते परत येत नाही.

शिक्षकांनीही आपला तुकडा स्वतःपाशी ठेवू नये. वहीत काही खटकलं, मूल अचानक गप्प झालं, तर वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांना एकत्र बसवा. तुमच्याकडे एकच तुकडा आहे, बाकीचे कदाचित पालकांकडे आणि पीटीच्या सरांकडे असतील.

आणि पुढच्या वेळी मुलाने विचारलं, "त्याने असं का केलं?" तर एका शब्दाचं उत्तर देऊ नका. म्हणा, "कारणं बरीच असतात आणि ती कळायला वेळ लागतो. पण तुझ्या एखाद्या मित्राची तुला काळजी वाटली, तर ते तू कोणाला सांगशील?"

मुलाने कोणाचं तरी नाव घेतलं तर उत्तम. नाव सुचलं नाही, तर ते नाव आपलं असावं यासाठी आजपासूनच प्रयत्न करू या.