ताकद दुप्पट, वेग दहा टक्के

ताशी १९७.५, २०७.९ आणि २१८ किलोमीटर. आइल ऑफ मॅन बेटावरच्या डोंगरी रस्त्याची एक फेरी ६०.७ किलोमीटरची. २०१८च्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) मोटरसायकल शर्यतींत तीन वर्गांमध्ये सर्वांत जलद ठरलेल्या फेऱ्यांचे हे सरासरी वेग. पहिला ६५० सीसीच्या, दोन सिलिंडरच्या सुपरट्विनचा, दुसरा ६०० सीसीच्या सुपरस्पोर्टचा, तिसरा १००० सीसीच्या गाडीचा. पहिले दोन मायकेल डनलॉपचे, तिसरा पीटर हिकमनचा.

सुपरट्विनची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास असते, १००० सीसीची दोनशेच्या वर. म्हणजे ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि सरासरी वेग वाढला जेमतेम दहा टक्के. वेळेत मोजायचे तर १८ मिनिटे २६ सेकंदांची फेरी १६ मिनिटे ४३ सेकंदांवर आली. वरच्या वर्गात जायला उतावीळ झालेल्या प्रत्येक हौशी स्वाराने हे गणित आधी नीट पाहावे.

पहिले कारण हवेचे. भरधाव गाडीची जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि ही गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताकद दुप्पट केली तरी सरळ रस्त्यावरचा कमाल वेग फार तर २६ टक्क्यांनी वाढतो. दुसरे कारण वळणांचे. या रस्त्यावर दोनशेहून अधिक वळणे आहेत आणि तिथे इंजिनापेक्षा टायरची पकड आणि स्वाराची नजर निर्णायक ठरते. २०२३ मध्ये हिकमनने फेरीचा सरासरी वेग २१९.४ वर नेला, तोही सुपरस्टॉक वर्गात, म्हणजे शोरूममधल्या गाडीत मोजकेच बदल करून.

अनुभवाची किंमतही याच आकड्यांतून निघते. हिकमन २०१४ मध्ये इथे पहिल्यांदा उतरला तेव्हा १००० सीसीच्या गाडीवर त्याची सर्वोत्तम फेरी ताशी २०७.८ किलोमीटरची होती. चार वर्षांनी ती २१८ झाली. हा दहा किलोमीटरचा फरक म्हणजे ६०० आणि १००० सीसी या दोन वर्गांमधले अंतर! आणि हिकमन काही नवखा नव्हता, ब्रिटनच्या सुपरबाइक स्पर्धेत मुरलेला व्यावसायिक स्वार होता. त्यालाही रस्ता पाठ करायला वर्षे लागली.

हौशी स्वारांसाठी याच रस्त्यावर मँक्स ग्रां प्री भरते. १९२३ मध्ये ती हौशींची शर्यत म्हणूनच सुरू झाली, १९३० पासून तिला आजचे नाव आहे. नवोदित स्वार नारिंगी जॅकेट घालून, अनुभवी मार्शलच्या मागे, ठरवून दिलेल्या वेगात पहिली फेरी पूर्ण करतो. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. कारण १९११ पासून या रस्त्याने अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत.

हौशींच्या शर्यतीतून टीटीकडे नेणाऱ्या या शिडीवरून वर गेलेल्यांत फिल रीडचे नाव घ्यायलाच हवे. १९६० मध्ये त्याने ५०० सीसीच्या गाडीवर सीनियर मँक्स जिंकली आणि पुढच्याच वर्षी ३५० सीसीच्या ज्युनियर टीटीत पहिला आला. त्याचे पहिले जगज्जेतेपद १९६४चे, तेही २५० सीसीत. १९६८ मध्ये १२५ सीसीचे मिळाले आणि ५०० सीसीचे थेट १९७३ मध्ये. या तिन्ही वर्गांत जगज्जेता झालेला तो पहिला स्वार. त्याच्या प्रवासात सीसीचा आकडा कमी होतो, पुन्हा वाढतो. कौशल्य मात्र सतत वाढत गेले.

मोठ्या गाडीबरोबर धोका कसा वाढतो, हे ब्रेक लावताना कळते. ताशी २५० वरून ३२० वर गेलात की वेग २८ टक्क्यांनी वाढतो, पण गाडीतली गतिज ऊर्जा, जी ब्रेकने संपवायची असते ती, ६४ टक्क्यांनी. वळण मात्र तेच असते. शिवाय विचार करायला लागलेल्या एका सेकंदात गाडी ६९ ऐवजी ८९ मीटर पुढे गेलेली असते.

आपल्याकडच्या हौशी स्वारांना एक मोठी सोय आहे. चेन्नईजवळच्या ट्रॅकची फेरी ३.७ किलोमीटरची आहे, वळणे बारा. आइल ऑफ मॅनच्या एका फेरीएवढ्या अंतरात इथले प्रत्येक वळण सोळा वेळा घेता येते, चूक तिथल्या तिथे सुधारता येते. राष्ट्रीय स्पर्धेतला नवोदितांचा वर्गही १६५ सीसीचा आहे. पुण्या-कोल्हापूरहून तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना माझे आग्रहाचे सांगणे आहे : या वर्गात एखादा हंगाम जास्त काढा आणि मोठ्या गाडीसाठी साठवलेले पैसे टायर, प्रशिक्षण आणि ट्रॅकवरच्या सरावावर खर्च करा.